हातवाऱ्यांतील मुळाक्षरे शोधणारा भाषाशास्त्रज्ञ

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा संगणकाला उमगावी, यासाठी जगभरातील प्रयोगशाळांत संशोधन सुरू आहे. त्यामागील एका मूलभूत विचाराचे श्रेय विल्यम स्टोकी यांना जाते. ते संगणकतज्ज्ञ नव्हते. इंग्रजीचे प्राध्यापक होते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात २१ जुलै १९१९ रोजी जन्मलेले स्टोकी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात इंग्रजी विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. विद्यार्थ्यांच्या हातवाऱ्यांना त्या काळी शिक्षकही भाषा मानत नसत. मोडक्यातोडक्या इंग्रजीची ती नक्कल, अशीच सार्वत्रिक समजूत होती. स्टोकींना मात्र त्यात शिस्तबद्ध रचना दिसली.

१९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी प्रत्येक खुणेची हाताचा आकार, स्थान आणि हालचाल अशी फोड केली. अवघ्या ५५ घटकांतून हजारो खुणा घडतात, हे त्यांनी दाखवून दिले. सहकाऱ्यांनी या कामावर कडाडून टीका केली. तरीही डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनबर्ग या कर्णबधिर सहकाऱ्यांसह त्यांनी १९६५ मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेचा कोश सिद्ध केला. त्यातील खुणांचा क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार नव्हे, तर या घटकांनुसार लावलेला होता.

संगणकापुढील अडचण नेमकी येथेच होती. सलग संभाषणात एक खूण कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण. दोन खुणांच्या मधली हालचाल तर निरर्थकच असते. १९९५ मध्ये एमआयटीत थॅड स्टार्नर यांनी कॅमेऱ्याच्या साह्याने ४० शब्दांच्या शब्दसंग्रहातील सलग वाक्ये ओळखून दाखवली. मात्र, प्रत्येक खूण स्वतंत्रपणे शिकवायची, तर हजारो शब्दांपुढे यंत्र थिटे पडणार. म्हणून पेन्सिल्वेनिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस खुणांची घटकांत फोड करण्याचा मार्ग धरला. स्टोकींनंतरच्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या मांडणीत केलेल्या सुधारणांचा त्याला आधार होता. चेहऱ्यावरील हावभावांतून व्यक्त होणारे व्याकरण ओळखणे हे मोठे आव्हान त्यानंतरही उरलेच.

स्टोकींची गॅलॉडेटमधील प्रयोगशाळा १९८४ मध्ये बंद करण्यात आली; त्याच संस्थेने १९८८ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ४ एप्रिल २००० रोजी त्यांचे निधन झाले. यंत्राला एखादी भाषा शिकवायची, तर माणसाने आधी तिला भाषा म्हणून मान्यता द्यावी लागते. ती मान्यता मिळवून देण्यात स्टोकींचे आयुष्य खर्ची पडले.