डेबियनवाला इयान

जळगाव काय नि धुळे काय, लॅबमधल्या मशीनवर आपण उबुंटू टाकतो, ती उभी आहे डेबियनवर. डेबियन सुरू केलं इयान मर्डॉकने. जन्म १९७३ चा, जर्मनीतला. शिक्षण अमेरिकेत, पर्ड्यू विद्यापीठात. एसएलएस नावाच्या लिनक्समधल्या चुकांना वैतागून या पोराने १६ ऑगस्ट १९९३ ला डेबियनची घोषणा केली. नाव मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं जोडून! पुढे दोघांचं लग्न झालं, मोडलंही, नाव टिकलं.

एकट्याने सगळं सांभाळणं अशक्य, म्हणून तिथे एकेक पॅकेज स्वयंसेवकांनी वाटून घेतलेलं. नवं आणायचं तर आधी तसं जाहीर करायचं, म्हणजे दोघं तेच काम करत बसत नाहीत. मग वर्षानुवर्षं चुका दुरुस्त करायच्या, बिनपगारी. जमेनासं झालं की पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर करायचं, दुसरा कुणी दत्तक घेतो. (आपल्याकडे मेसचा हिशोब घ्यायलाही कुणी पुढे येत नाही!)

१९९६ मध्ये इयानने सूत्रं ब्रूस पेरेन्सकडे दिली आणि तो बाजूला झाला. डेबियन थांबलं नाही. पुढे त्याने प्रोजेनी कंपनी काढली, सनमध्ये काम केलं, शेवटी डॉकरमध्ये. २८ डिसेंबर २०१५ ला तो गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. जून २०१७ मध्ये आलेली डेबियनची नववी आवृत्ती स्वयंसेवकांनी त्याला अर्पण केली.