म्हातारा डॉक्टर

सबमिशनच्या आठवड्यात रूममेटशी कडाक्याचं भांडण झालं. आठ दिवस बोलणं बंद! त्याच सुमारास लायब्ररीत टाइमपास करताना एका माणसाचं चरित्र हाती लागलं आणि मी दोन तास जागचा हललो नाही.

यानुश कोर्चाक हे त्याचं टोपणनाव. खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातल्या ज्यू घरात जन्म. वडील वकील, पण त्यांना मानसिक आजार जडला आणि १८९६ साली ते गेले. पोराने शिकवण्या करून घर चालवलं आणि तो मुलांचा डॉक्टर झाला. प्रॅक्टिस चांगली चाललेली असताना १९१२ मध्ये त्याने क्रोखमाल्ना रस्त्यावरचं अनाथालय अंगावर घेतलं. सोबतीला स्टेफानिया विल्चिन्स्का या बाई. लग्न केलं नाही. ही पोरं हाच संसार.

सगळ्यात आवडली ती त्याची पैज. मारामाऱ्या करणाऱ्या पोराला तो उपदेश पाजत नसे. या आठवड्यात किती वेळा मारामारी करणार, ते पोरानेच ठरवायचं. एकदम शून्य नको, थोडी कमी चालेल. आकडा पाळला की खाऊ! हिशेबही पोरानेच सांगायचा आणि डॉक्टरने त्यावर विश्वास ठेवायचा. म्हणजे राग वाईट नाही, तो आपला आपण ओळखायचा, एवढंच.

तिथे मुलांचं कोर्टही होतं. न्यायाधीश मुलंच. कायद्याची पहिली ९९ कलमं सोडून देण्याची किंवा माफीची! खुद्द डॉक्टरवर सहा महिन्यांत पाच खटले झाले. एक तर रागाच्या भरात मुलाच्या कानाखाली मारली म्हणून. मोठ्या माणसाचंही चुकतं, हे त्याने मुलांसमोर मान्य केलं. पुढे रेडिओवर तो ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने बोलायचा.

१९४० मध्ये नाझींनी अनाथालय घेट्टोत हलवायला लावलं. तिथे उपासमार, रोगराई. तरीही जुलै १९४२ मध्ये मुलांनी नाटक केलं. कुठलं? आपल्या रवींद्रनाथांचं ‘डाकघर’! आजारी अमलची गोष्ट. ऑगस्टमध्ये सुमारे २०० मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेलं. डॉक्टरला सुटकेची संधी होती. त्याने नाकारली. तो आणि स्टेफानियाबाई मुलांबरोबरच गेले. कुणीच परतलं नाही.

त्या रात्री रूमवर गेलो आणि रूममेटला पहिल्यांदाच विचारलं, बाबा रे, तुला नक्की कशाचा राग आला? त्याची ड्रॉइंग शीट मी न विचारता दुसऱ्यांना जीटी मारायला दिली होती. शीटपेक्षा न विचारल्याचंच त्याला जास्त लागलं होतं. तो बराच वेळ बोलत राहिला. मी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. मग कॅरम काढला.

माफीचं कलम कितवं लावलं, ते मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही.