आंदणातली मुंबई आणि कॅथरीन राणी

मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा शाळेतला एक धडा आठवला. पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, एवढे लिहिले की आम्हांला गुण मिळत. पण ज्या मुलीबरोबर हे आंदण गेले तिचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. परवा तिची हकिकत वाचनात आली, ती सांगते.

तिचे नाव कॅथरीन. जन्म १६३८ सालचा, पोर्तुगालच्या ब्रॅगांझा घराण्यातला. १६४० पासून पोर्तुगाल स्पेनच्या सत्तेतून सुटण्यासाठी लढत होता. तिकडे इंग्लंडात यादवी होऊन राजाचा शिरच्छेद झाला होता. त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परदेशी दिवस काढून १६६० साली गादीवर आला, तो रिकाम्या तिजोरीनिशी. एकाला पैसा हवा होता, दुसऱ्याला सैन्याची मदत. १६६१ साली तह झाला आणि हे लग्न त्या तहातलेच एक कलम. मुलामुलीने एकमेकांना पाहिलेही नव्हते.

आंदणात मुंबई, आफ्रिकेतले टँजियर बंदर आणि वीस लाख क्रुझादो एवढी रक्कम ठरली. ती पुरी जमेना, म्हणून निम्म्यावर भागवले आणि त्यातही रोख रकमेऐवजी साखर व इतर माल जहाजांत भरून दिला. हुंडा अपुरा राहिला की सुनेची काय स्थिती होते, हे आपणां बायकांना सांगायला नको.

१६६२ च्या मे महिन्यात पोर्टस्मथ येथे लग्न लागले. नवरी तेवीस वर्षांची. भाषा परकी, धर्मपंथ वेगळा. थोड्याच दिवसांत राजाने आपल्या आवडत्या बाईला राणीच्या तैनातीत नेमले. तिला समोर पाहताच कॅथरीनच्या नाकातून रक्त आले व ती मूर्च्छित पडली. तिने पुष्कळ विरोध केला. तेव्हा माहेरच्या बहुतेक माणसांना परत पाठवण्यात आले. एकटी पडल्यावर ती नमली.

पुढे मूलही झाले नाही. १६६३ साली ती तापाने अगदी अत्यवस्थ झाली. त्या भ्रमात तिला वाटे, आपल्याला मुलगा झाला आहे, पण तो दिसायला चांगला नाही. राजा उशाशी बसून समजूत घाली, की मुलगा फार गोजिरा आहे. हे वाचताना मला माझी आत्या आठवली. मूल नाही म्हणून तिला बारशाला कोणी बोलावीत नसे. त्या दिवशी माझ्याने पुढे वाचवले नाही.

राणीला सोडून दुसरी करा, असा राजाला सल्ला मिळत होता. १६७८ साली तर तिच्यावर पतीला विष देण्याच्या कटाचा खोटा आळ आला. पण राजाने तो मानला नाही आणि तिला टाकलेही नाही. त्याच्या बाहेरख्यालीपणाची मी बाजू घेत नाही, पण व्यवहाराने जुळलेल्या त्या संसारात एवढी माणुसकी शेवटपर्यंत टिकली, हेही सांगितले पाहिजे.

१६८५ साली राजा वारला. १६९२ साली ती माहेरी परतायला निघाली. तिथे भाऊ आजारी पडल्यावर, वयाची पासष्टी उलटल्यानंतर, तिने पोर्तुगालचा राज्यकारभार पाहिला. आयुष्यभर जिने दुसऱ्यांचे ठराव पाळले, तिच्या सहीने आता ठराव होऊ लागले. १७०५ च्या अखेरच्या दिवशी ती निवर्तली.

आणि मुंबई? १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कॅथरीनने आपले हे आंदण कधी डोळ्यांनी पाहिले नाही. चहा मात्र तिला फार आवडे, आणि इंग्रज दरबारात त्याची गोडी लागली ती बरीचशी तिच्यामुळेच.

आपल्या नातींना मुंबई कोणी कोणाला दिली हे शिकवताना, या बाईचे नावही सांगावे, एवढीच माझी विनंती.