साल्पेत्रियेरचे शार्को

पॅरिस शहरात सीन नदीजवळ साल्पेत्रियेर नावाची एक जुनी, विस्तीर्ण वास्तू आहे. बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याशी पूर्वी तिचा संबंध होता. त्यावरून हे नाव पडले. सतराव्या शतकात तेथे निराश्रित स्त्रियांसाठी आश्रम उघडण्यात आला. दोनशे वर्षांनंतर तेथे हजारो वृद्ध व रुग्ण स्त्रिया राहत होत्या. कोणाचे अर्धे अंग लुळे पडलेले, कोणाचे हात अखंड कापणारे, कोणाची वाचा गेलेली. त्यांच्यापैकी कित्येकींच्या व्याधींना नावही नव्हते. अशा ठिकाणची नेमणूक होतकरू वैद्यांना फारशी मोलाची वाटत नसे. झां मार्तां शार्को यांना मात्र हीच जागा हवी होती.

शार्को यांचा जन्म १८२५ साली पॅरिसमध्येच झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनवीत. झां अबोल होता व चित्रे काढण्यात रमे. पुढे त्याने वैद्यकाची वाट धरली, परंतु बुजरा स्वभाव आड येई. अध्यापकपदाच्या परीक्षेत १८५७ साली अपयश आले. ती त्यांनी १८६० साली जिंकली. १८६२ साली त्यांची साल्पेत्रियेरमध्ये नेमणूक झाली.

आपले स्नेही व्हुल्पियां यांच्यासह त्यांनी एकेक दालन पालथे घातले आणि रुग्णांची टिपणे लिहून ठेवली. रुग्णाला समोर बसवून ते बराच वेळ नुसते पाहत राहत. चित्रकाराची नजर येथे कामी आली! पुढे रुग्ण मरण पावला, की शवविच्छेदन करून मेंदू व मज्जारज्जू तपासीत आणि जुन्या टिपणांशी ताडून पाहत. या कामी वर्षानुवर्षे थांबावे लागे.

चालताबोलता माणूस कोसळतो व त्याचे अर्धे अंग लुळे पडते. आपण त्याला अर्धांगवायू म्हणतो. पण वायूचा येथे काही संबंध नाही. मेंदूत रक्तस्राव झाल्याने असे घडू शकते, हे वैद्यांना ठाऊक होते. परंतु रक्तवाहिनी मुळात फुटते का? १८६८ साली शार्को व त्यांचे शिष्य बूशार यांनी मेंदूतील बारीक रोहिण्यांवर बाजरीच्या दाण्याहूनही लहान फुगवटे दाखवून दिले. प्रत्येक रक्तस्राव त्यांच्यामुळेच होतो असे आता मानीत नाहीत. तरी त्या फुगवट्यांना या गुरुशिष्यांचेच नाव आहे.

१८८२ साली मज्जासंस्थेच्या विकारांचे अध्यापकपद शार्को यांच्यासाठी निर्माण झाले. एके काळचा हा बुजरा परीक्षार्थी आता बोलू लागे, तेव्हा सभागृह तुडुंब भरे. रंगीत खडूंनी ते फळ्यावर मेंदूची चित्रे काढीत. कंपाचे प्रकार मागच्या बाकांवरूनही ओळखू यावेत म्हणून ते रुग्ण स्त्रियांच्या टोप्यांवर लांब पिसे लावीत. प्रत्येकीचे पीस निराळ्या तऱ्हेने थरथरे. आजारी माणसांना असे लोकांसमोर मांडणे आज कोणाला रुचणार नाही. मंगळवारी पूर्वी न तपासलेले रुग्ण समोर आणवून ते निदान कसे करावे हे सर्वांदेखत दाखवीत. व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर फ्रॉइडही १८८५ साली त्यांच्याकडे शिकावयास आले.

हिस्टेरिया व संमोहन यांविषयीची शार्को यांची मते मात्र पुढे टिकली नाहीत. त्यांचेच शिष्य बाबिन्स्की यांनी ती बाजूला सारली.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी प्रवासात असताना शार्को यांचे निधन झाले. साल्पेत्रियेरच्या दारी १८९८ साली त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात तो नष्ट झाला. आत रुग्णालय मात्र चालूच आहे, आणि मेंदूच्या विकारांचे रुग्ण तेथे आजही येतात.