देवगडच्या गोंड राजाचा कलमा

रमजानमध्ये चंद्रपूरच्या परकोटाच्या आत मगरिबची अजान होते, तेव्हा खजूर हातात घेऊन बसलेल्या रोजेदाराच्या कानावर एक साक्ष पडते. अल्लाहशिवाय उपासनेस पात्र कोणी नाही आणि हजरत मुहम्मद (स.) त्याचे प्रेषित आहेत, अशी ती साक्ष. यालाच शहादतचा कलमा म्हणतात. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा पहिला. जन्मलेल्या बाळाच्या कानात अजानबरोबर तो जातो आणि अखेरच्या श्वासाला तोच ओठांवर असावा, अशी प्रत्येक मुसलमानाची इच्छा असते.

हा परकोट गोंड राजांचा. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे त्यांच्या चांदा राज्यात होते. उत्तरेला देवगडचे दुसरे गोंड राज्य होते. तो किल्ला आता मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. १६६७ मध्ये मोगल सरदार दिलेरखानाने दोन्ही राज्यांवर खंडणी बसवली. चांद्याचे राजे आपल्या कुळाच्या धर्मातच राहिले. देवगडच्या गादीवर मात्र पुढे कलमा पढलेला राजा बसला. त्याचे नाव बख्त बुलंद शाह.

देवगडला तेव्हा गादीवरून भाऊबंदकी चालली होती. बख्त बुलंदने औरंगजेबाकडे दाद मागितली, इस्लाम स्वीकारला आणि १६८६ च्या सुमारास राज्य मिळवले. बख्त बुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हे नावही बादशहाचेच.

मग हा कलमा खरा की केवळ गादीसाठी? हा प्रश्न तेव्हाही पडला असेल, आजही पडतो. इस्लाममध्ये इमानाला दोन गोष्टी लागतात : जिभेने कबुली आणि अंतःकरणाची खात्री. पहिली लोकांना ऐकू येते, दुसरी अल्लाहलाच ठाऊक. एका लढाईत शत्रूने कलमा म्हटल्यावरही उसामा बिन जैद यांनी त्याला ठार केले. जिवाच्या भीतीने म्हटला, असे त्यांना वाटले. हे ऐकून प्रेषितांना फार दुःख झाले. त्या माणसाचे हृदय चिरून पाहिले होते काय, असे त्यांनी उसामांना विचारले. माणसाने माणसाच्या इमानाचा न्याय करू नये, हा त्यातला धडा.

बख्त बुलंदचे बादशहाशी फार काळ पटले नाही. त्याने बंड केले, मोगली मुलूख लुटला, मराठ्यांकडे मदत मागितली. संतापलेल्या औरंगजेबाने त्याला यापुढे निगून बख्त, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणावे असा हुकूम काढला. दिलेले नाव बादशहाने परत घेतले. कलमा परत घेणे त्याच्या हाती नव्हते. ती साक्ष अल्लाहसमोर दिलेली असते आणि तिच्यात कोणत्याही बादशहाच्या ताबेदारीची शपथ नाही. राजाने बंड केले, पण इस्लाम सोडला नाही.

तो काही संत नव्हता. शेजारच्या चांदा आणि मंडला राज्यांचा मुलूखही त्याने तोडून घेतला. पण राज्य चालवताना त्याने हिंदू आणि मुसलमान असा भेद केला नाही. लायक माणूस पाहून काम दिले. दूरदूरचे कष्टकरी शेतकरी आणि कारागीर आणून जंगलमुलखात गावे वसवली. गोंड प्रजा आपल्या देवांना पूजत राहिली. १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून त्याने एक शहर वसवले, तेच आजचे नागपूर.

त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी तिथे नेली, शहराला तट घातला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव पुढे शुक्रवारी तलाव झाला, आता गांधीसागर आहे. घराणे मुस्लिम राहिले, तरी नागपूरकरांसाठी ते गोंड राजाचेच घराणे.

बख्त बुलंदच्या मनात काय होते, याचा हिशेब तीनशे वर्षांपूर्वीच त्याच्या रबकडे गेला. लोकांच्या वाट्याला आले ते त्याने वसवलेले शहर.