बहिणीच्या हुंड्यातल्या पैशावर शिकले, वाटाण्यावरून बियाण्याचं गणित मांडलं : शेतकऱ्याचा मुलगा ग्रेगर मेंडेल

हायब्रीड बियाण्याची पिशवी पेरली की पीक एकसारखं येतं. त्याच पिकाचं बी घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं, तर कुठं उंच, कुठं बुटकं, कुठं उशिरा येणारं झाड निघतं. असं का होतं याचा हिशोब दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मठाच्या बागेत लागला. तो लावणारे ग्रेगर मेंडेल स्वतः शेतकऱ्याच्या घरातले.

जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या लहान गावात त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. मूळ नाव योहान. वडील अंतोन यांची स्वतःची शेती आणि फळबाग होती, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडं वेठीला जावं लागे. १८३८ साली झाडाचा ओंडका पडून वडील जायबंदी झाले आणि घर खचलं. योहान शिकवण्या घेऊन कसेबसे शिकत राहिले. पैसा पुरेना, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिनं आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. ही जाण मेंडेल यांनी ठेवली. पुढं तिच्या तीन मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाले. तिथं ग्रेगर हे नाव मिळालं, पोटाची चिंताही मिटली. शाळेत शिकवायचे, पण शिक्षकाची पक्की परीक्षा १८५० मध्ये नापास झाले. मधे व्हिएन्नाच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकून आले, तरी १८५६ मध्ये पुन्हा तेच. त्याच वर्षी त्यांनी वाटाण्याचे संकर सुरू केले.

काम भलतंच चिकाटीचं. वाटाण्याचं फूल मिटलेलं असतानाच आतल्या आत फळतं. म्हणून मेंडेल कळी उघडून पुंकेसर चिमट्यानं काढत, दुसऱ्या वाणाचे परागकण लावत आणि फुलाला पिशवी बांधत. पिवळ्या दाण्याचा आणि हिरव्या दाण्याचा वाण जुळवला, तर सगळे दाणे पिवळे निघाले. हिरवा रंग गेला कुठं? ते पिवळे दाणे पेरले, तर पुढच्या पिढीत ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे दाणे मिळाले. म्हणजे तिनास एक. दाणे मोजत बसणारा असा माणूस विरळाच! आठ वर्षांत सुमारे २८ हजार झाडं त्यांनी तपासली.

आईबापाचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात, असा त्या काळी समज होता. मेंडेल यांनी दाखवलं की गुण मिसळून जात नाहीत. प्रत्येक गुणाचा एक भाग आईकडून येतो, एक बापाकडून. एक वरचढ ठरतो, दुसरा दबून राहतो, आणि दोन दबलेले एकत्र आले की पुन्हा वर येतो. हायब्रीडचं घरचं बी फुटतं ते यामुळंच. अर्थात उतारा, उंची असे गुण एकाच जोडीवर चालत नाहीत, अनेक जोड्या मिळून ते ठरवतात. म्हणून शेतातला हिशोब वाटाण्याइतका सरळ दिसत नाही.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ ला ब्रनोच्या अभ्यासकांपुढं त्यांनी हे मांडलं. पुढच्या वर्षी छापूनही आलं, पण दखल कुणी घेतली नाही. म्युनिकच्या नेगेली या नामवंत प्राध्यापकांना पत्रं लिहिली. मग हॉकवीड नावाच्या रानफुलावर प्रयोग झाले, तिथं गणित जुळेना. त्या झाडात परागाविनाही बी धरतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि बाग मागं पडली. सरकारनं मठावर बसवलेल्या कराशी भांडण्यात शेवटची वर्षं गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. त्यांचे बरेचसे कागद नंतर मठात जाळून टाकले गेले.

१९०० साली द व्रिस, कॉरेन्स आणि चेर्माक हे तिघं आपापल्या प्रयोगांतून त्याच आकड्यांपर्यंत पोचले. जुनी मासिकं चाळताना त्यांना ३४ वर्षांपूर्वीचा मेंडेल यांचा लेख सापडला.