कावलूरची दुर्बीण

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही रात्री दूरचा एक दिवा पाहत आहात. अंधारातून एक माणूस त्या दिव्यासमोरून जातो. माणूस तुम्हांला दिसत नाही, पण दिवा क्षणभर दिसेनासा होतो. त्यावरून कोणीतरी गेले, हे तुम्ही ओळखता. आकाशातही असेच घडते. एखादा ग्रह किंवा उपग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून जातो आणि त्या ताऱ्याला झाकतो. याला पिधान म्हणतात. पिधान थोडाच वेळ टिकते. तो क्षण हुकला, की हुकलाच! म्हणून दुर्बीण आणि माणसे आधीपासून तयार असावी लागतात. आपल्या देशात ही तयारी करणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे वेणू बाप्पू.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात झाला. त्यांचे बालपण मात्र हैदराबादला गेले. नवाब जफर जंग यांनी स्थापन केलेल्या निजामिया वेधशाळेत त्यांचे वडील काम करीत असत. त्यामुळे वेणूला लहानपणीच ताऱ्यांची ओढ लागली. निजाम कॉलेजात शिकत असताना त्यांनी ताऱ्यांविषयी लेखही लिहिले.

पुढे हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. १९४९ साली त्यांना एका छायाचित्रात नवा धूमकेतू आढळला. तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्या धूमकेतूला बाप्पू आणि त्यांचे दोन सहकारी बॉक व न्यूकर्क यांची नावे मिळाली. नंतर ऑलिन विल्सन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ताऱ्यांची खरी तेजस्विता ओळखण्याची एक रीत शोधली. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा शोध आजही विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने ओळखला जातो.

परदेशात त्यांना उत्तम दुर्बिणी मिळाल्या असत्या. पण ते भारतात परत आले. नैनितालची वेधशाळा उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६० साली ते कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. ताऱ्यांच्या अभ्यासासाठी नवी जागा हवी होती. तमिळनाडूतील जवादी टेकड्यांमध्ये कावलूर हे गाव त्यांनी निवडले. तेथे चहूकडे जंगल होते. शहरांचे दिवे दूर होते आणि दक्षिणेकडचे आकाशही चांगले दिसत होते. १९६८ साली तेथे पहिली दुर्बीण बसली. ती केवळ ३८ सेंटिमीटर व्यासाची होती आणि कोडाईकनालच्या कार्यशाळेतच तयार झाली होती. १९७२ साली एक मीटर व्यासाची दुर्बीण आली.

त्याच वर्षी, ७ जूनला, गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून जाणार होता. कावलूरची दुर्बीण सज्ज होती! उपग्रहाभोवती हवा असेल, तर ताऱ्याचा प्रकाश एकदम जात नाही, हळूहळू मंद होतो. या नोंदींवरून गॅनिमीडभोवती विरळ वातावरण असावे, असे शास्त्रज्ञांना वाटले. पुढे १९७९ साली व्हॉयेजर यानाने पाहिले, तेव्हा ते त्याहूनही फार विरळ असल्याचे कळले.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रह एका ताऱ्याजवळून जाणार होता. बाप्पूंचे सहकारी भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी कावलूरला दुर्बिणीपाशी होते. ग्रह ताऱ्यापाशी पोहोचण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद कमी झाला. हा एखादा नवा उपग्रह असेल, असे त्यांना आधी वाटले. पण त्याच रात्री अमेरिकन शास्त्रज्ञ हिंदी महासागरावरून विमानातील दुर्बिणीने वेध घेत होते. त्यांना ग्रहाच्या दोन्ही बाजूंना प्रकाश कमी झालेला आढळला. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असे कसे घडेल? युरेनसभोवती कडी असतील, तरच! कावलूरची नोंदही त्यांपैकीच एका कड्याची होती.

१९७९ साली बाप्पू आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. याच काळात देशातच २.३४ मीटर व्यासाची मोठी दुर्बीण बनवण्याचे त्यांचे काम चालू होते. पण ती पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी काम थांबवले नाही. १९८६ साली त्या दुर्बिणीला आणि वेधशाळेला वेणू बाप्पूंचे नाव देण्यात आले.

मुलांनो, तारा झाकला जाण्याचा क्षण छोटा असतो. त्याची तयारी मात्र अनेक वर्षांची असते. बाप्पूंनी ती तयारी केली, म्हणून कावलूरच्या जंगलातून युरेनसचे कडे टिपता आले.